कमरेएवढे वाफे: भोगीपर्यंतच्या नोंदी

२५ ऑगस्ट २०२४, रविवार

आजपासून ही वही सुरू. पाटबंधारे खात्यात असताना मोजमाप पुस्तकात जे चढलं नाही ते झालंच नाही, असं आम्ही धरायचो. ती सवय सत्तरीतही सुटलेली नाही, म्हणून लिहितो.

साताऱ्यात, यवतेश्वरच्या बाजूला ही आमची ज्येष्ठांची वसाहत. ४२ घरं, ६४ माणसं. समोर अजिंक्यतारा. सोय सगळी आहे: दोन वेळचं जेवण, नाश्ता, धुणं, झाडलोट, आठवड्याला डॉक्टर. मी आणि सौ. इथं येऊन तीन वर्षं झाली, आणि या तीन वर्षांत एक गोष्ट रोज दिसते. साडेनऊला नाश्ता उरकला की जेवणापर्यंत अडीच-तीन तास कुणाच्याच हाताला काही नसतं. ज्या बाईनं चाळीस वर्षं रोज वीस-वीस भाकऱ्या थापल्या, ती व्हरांड्यात बसून पदराचं टोक गुंडाळते, सोडते, परत गुंडाळते.

कार्यक्रम होत नाहीत असं नाही. योगवर्ग आहे, गुरुवारी भजन, महिन्याचे वाढदिवस, हौजी. पण मी तीन महिन्यांची हजेरी जुन्या पत्रकांवरून काढली. सगळीकडे तीच चौदा-पंधरा माणसं. उरलेल्यांना आमंत्रण असतं, आग्रह असतो, तरी ती येत नाहीत, कारण ती आली काय न आली काय, भजन होतंच. बी विंगमधले नाना, एसटीत वाहतूक नियंत्रक होते, त्यांच्या घरच्या चैत्रात गेल्या. तेव्हापासून डबा खोलीवर. "चला नाना" म्हटलं की "बघू" म्हणतात आणि दार लोटून घेतात.

स्वयंपाकघराच्या मागे १८ मीटर बाय ११ मीटरचा तुकडा मोकळा आहे. गवत आणि बांधकामातून उरलेले वीटतुकडे. तिथं परसबाग करायची, वाफे कमरेच्या उंचीचे बांधायचे, म्हणजे गुडघे गेलेल्यांनाही उभ्याने काम करता येईल. आणि जानेवारीतली भोगीची भाजी तिथूनच निघाली पाहिजे. भोगी १३ जानेवारीला आहे. मुदत ठरलेली असली की काम पुढं सरकतं, हा कालव्यावरचा अनुभव.

२९ ऑगस्ट

सभा. १९ जण आले. हरकती जशा आल्या तशा लिहितो, कारण सगळ्या खऱ्या आहेत.

एक: "आम्ही दरमहा पैसे भरतो ते राबायला का?" हे विचारणारे गृहस्थ जन्मभर राबले आहेत. त्यांच्याशी वाद घातला नाही. ज्याला नको त्यानं येऊ नये, एवढंच ठरलं.

दोन: व्यवस्थापनाचं म्हणणं, कुणी पडलं तर? प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं पासष्टीपुढच्या माणसांपैकी २८ ते ३५ टक्के माणसं दरवर्षी एकदा तरी पडतात. म्हणजे आमच्या ६४ जणांत वर्षाला अठरा ते बावीस. आमची सिस्टर, सिव्हिलमधून निवृत्त झालेली, उठून म्हणाली की बसून राहिल्यानं पाय आणखी अशक्त होतात आणि मग माणूस बाथरूममध्येच पडतो. पासष्टीपुढं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायाम, ही त्याच संघटनेची शिफारस तिनं सांगितली. मंजुरी मिळाली, वाट घसरती असता कामा नये या अटीवर.

तीन: हे कुणी बोललं नाही, मला चेहऱ्यावर दिसलं. आमचे माळीदादा भिंतीला टेकून उभे होते. म्हाताऱ्यांनी बाग केली तर आपलं काय? सभा झाल्यावर त्यांच्याशी बोललो. खणणं, उचलणं, खत वाहणं तुमचंच, आमच्यापैकी कुणाच्या पाठीला ते झेपणारं नाही. आणि बी कधी, किती खोल, हे तुम्ही सांगायचं. ते "बरं" म्हणाले. पटलं असेल असं वाटत नाही.

३ सप्टेंबर

कोपरं मोजली. जेवणाच्या हॉलबाहेरच्या भिंतीशी एकेकाला उभं करून जमिनीपासून वाकवलेल्या कोपरापर्यंत टेप लावला. २२ जणांची मापं, कमीत कमी ८८ सेंटिमीटर, जास्तीत जास्त १०४. हाताचं काम कोपराच्या दहा-पंधरा सेंटिमीटर खाली असलं की खांदा आणि कंबर दोन्ही सुखी असतात. त्यामुळे वाफ्याची उंची ७५ सेंटिमीटर धरली.

मापं घेताना गर्दी झाली. सभेला न आलेली माणसंही रांगेत उभी. आपलं माप कुणीतरी काही बांधण्यासाठी घेतंय, याचं अप्रूप त्यांच्या तोंडावर होतं. सुभेदारसाहेबांनी छाती काढून माप दिलं.

रुंदी १.२ मीटर. उभ्या माणसाचा हात पुढं ६० सेंटिमीटरपर्यंत सहज पोचतो, दोन्ही बाजूंनी मिळून १.२. यापेक्षा रुंद केला की मधल्या रोपासाठी वाकावंच लागतं.

७ सप्टेंबर

गणपती. काम बंद. आरतीनंतर आराखडा सगळ्यांना दाखवला: ३ मीटर बाय १.२ मीटरचे सहा वाफे, चाकाच्या खुर्चीसाठी दोन टेबल-वाफे, मधली वाट दीड मीटर, म्हणजे खुर्ची जागच्या जागी वळते. व्हरांड्यातून खाली उतार १:१२, एका बाजूला कठडा.

१३ सप्टेंबर

पितृपक्षाआधी पहिला ब्लॉक बसायला हवा असं तिघींनी बजावलं होतं. आज बसला. सॉलिड ब्लॉक १५ सेंटिमीटर जाडीचे, एका वाफ्याला ८०, सहाला ४८०. एकेक ब्लॉक सव्वीस किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे आमच्यापैकी कुणी हात लावायचा नाही हा नियम. गवंडी आणि त्याचे दोन बिगारी. आम्ही ओळंबा बघायला.

सुभेदारसाहेब सकाळी सात ते अकरा उन्हात उभे होते. चहा प्यायलाही बसले नाहीत.

२६ सप्टेंबर

चूक झाली आहे आणि ती माझी आहे.

वाफ्याची आतली जागा २.७ बाय ०.९ मीटर. खाली ४५ सेंटिमीटर भराव, त्यात वीटतुकडे, मुरूम आणि वरच्या थराला वाळक्या फांद्या; त्यावर ३० सेंटिमीटर माती. सहा वाफ्यांची माती दीड ब्रासच्या थोडी वर. हिशेब चोख होता. पण शेजारच्या विहिरीच्या कामातली काळी माती फुकट मिळत होती आणि मी ती घेतली. चांगली जमीन म्हणजे काळी, हे कालव्याच्या लाभक्षेत्राचे नकाशे रंगवताना डोक्यात बसलेलं. शिवाय भिंतीच्या तळाशी पाण्याला वाट ठेवायचं राहून गेलं.

गेले दोन दिवस पाऊस. आज सकाळी पाहिलं तर पहिल्या दोन वाफ्यांत घोट्याएवढं पाणी.

मी तिथं उभा असताना मागून आक्का आल्या. आक्का ८२ वर्षांच्या, कोरेगावकडच्या, सारं आयुष्य शेतात. अलीकडे त्यांना वार आठवत नाही, नाश्ता झाला की नाही तेही कधीकधी विचारतात. त्यांनी वाफ्यात हात घातला, मूठ वळली, उघडली. मातीचा गोळा तसाच राहिला, बोटांचे ठसे उमटलेले.

"ही काळी ईतभर डब्यात घालू नगस बाळा. रानात खाली फाटती, मुळ्यास्नी वाट मिळती. हितं कुठं फाटंल?"

मला सत्तर वर्षांच्या माणसाला बाळा म्हणाल्या. आणि बरोबर होत्या. काळी माती पाणी धरून फुगते, सुकली की भेगाळते. खाली खोल जमीन असते तेव्हा तिचं सोनं होतं, ३० सेंटिमीटरच्या खोक्यात ती चिखल होते. आक्कांनीच प्रमाण सांगितलं: दोन घमेली तांबडी माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं जाड वाळू. माळीदादा शेजारी उभे होते, ते पहिल्यांदा मोकळं हसले. म्हणाले, मी पण हेच सांगणार होतो, पण साहेबांनी विचारलं नाही.

खरंच विचारलं नव्हतं. २९ ऑगस्टला जे बोललो ते मीच पाळलं नाही. भिंतींना तळाशी दर मीटरला एक भोक पाडून घेतलं, आतून जाळी. काळी माती काढायला दोन दिवस जाणार.

१ ऑक्टोबर

जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन. युनोनं १९९० साली हा दिवस ठरवला. हॉलमध्ये सत्कार, शाल, श्रीफळ. पाहुण्यांनी मनापासून चांगलं भाषण केलं, तुम्ही खूप केलंत, आता फक्त आराम करा. टाळ्या झाल्या.

मला हे भाषण ऐकवत नाही. आराम महिनाभर गोड लागतो. कुणालाच आपली गरज नाही ही जाणीव दुसऱ्या महिन्यात येते, आणि शालीनं ती झाकत नाही.

सत्कारानंतर नऊ जण शाली खोलीत ठेवून थेट वाफ्यांकडे आले. माती चाळायची राहिली होती.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना. आक्कांनी घटाखालच्या मातीत धान्य पेरलं आणि तसंच परसबागेत जाऊन पहिल्या वाफ्यात मेथी टाकली. आज बायकाच पुढं होत्या. धने पाटावर रगडून अर्धे करून घेतले, अख्खे टाकले तर उगवायला फार दिवस घेतात. मेथी तीन-चार दिवसांत वर येईल, कोथिंबिरीला आठ-दहा दिवस.

आक्कांकडे पुरचुंडीत वाघ्या घेवडा निघाला. गुलाबीसर दाण्यावर तांबड्या रेघा. कोरेगावच्या या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे, हे आक्कांना सांगितलं तर म्हणाल्या, "ते काय आसंल ते आसंल, पर आत्ता लावायचा न्हाई. त्यो पावसाळी." पुरचुंडी परत गाठ मारून कमरेला. काल संध्याकाळी त्यांनी मला ओळखलं नव्हतं. पीक आणि हंगाम मात्र जागच्या जागी आहेत.

५ ऑक्टोबर

गाजर पेरलं. आजपासून भोगीपर्यंत बरोबर १०० दिवस, गाजराला ९० ते १०० लागतात. हरभरा, पावटा, हिरवा घेवडा यांचेही वाफे झाले.

वांग्याची रोपं आणायला सहा जण एसटीनं कोरेगाव रस्त्याच्या रोपवाटिकेत गेलो. पंचाहत्तरी झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत आहे, पासष्ट ते पंचाहत्तरला निम्मं तिकीट, बायकांना २०२३ पासून सरसकट निम्मं. सहा जणांत चौघं फुकट गेले. संगम माहुलीच्या पुलावरून जाताना सगळ्यांनी कृष्णेला हात जोडले. आक्कांना खिडकी दिली होती, त्या रस्ताभर शेतं वाचत होत्या: हा ऊस उशिराचा, इथं आल्याला करपा आहे. कृष्णाकाठच्या हिरव्या काटेरी वांग्याची ६० रोपं घेतली, लागली ४०, बाकी माळीदादांच्या घरी.

११ ऑक्टोबर

पाण्याचा पाईप वाटेवर आडवा पडला होता, त्यात माईंचा पाय अडकला. कठडा हाताशी होता म्हणून सावरल्या. झारीही जड पडते, दहा लिटरची झारी म्हणजे दहा किलो. ठिबक बसवायचं आजच ठरवलं. वाफ्याला तीन नळ्या, नळीला नऊ तोट्या, ताशी दोन लिटरच्या. सहा वाफ्यांना ताशी ३२४ लिटर, म्हणजे एक दिवसाआड वीस मिनिटं सोडलं की थंडीत पुरतं.

सिस्टरनं सगळ्यांना धनुर्वाताची लस विचारली. दर दहा वर्षांनी बूस्टर हवा. बहुतेकांना शेवटचा कधी घेतला तेच आठवेना. मातीत काम करणाऱ्यानं आधी लस, मग वाफा. मधुमेह असलेल्यांना बंद बूट सक्तीचे.

१६ ऑक्टोबर

माई काल रात्री पडल्या. बाथरूममध्ये. खुब्याचं हाड. ऑपरेशन उद्या.

२१ ऑक्टोबर

पाण्याचा घोळ. सातनंतर सगळ्या घरांत आंघोळी सुरू होतात आणि टाकीचा दाब उतरतो, म्हणून व्हॉल्व्ह साडेसहालाच उघडायला हवा. पाच जणांनी आळीपाळीनं करायचं ठरलं होतं. एके दिवशी दोघांनी उघडला, दुसऱ्या दिवशी कुणीच नाही, शनिवारी उघडा राहिला तो नऊपर्यंत. मेथीचा एक कोपरा पिवळा पडला.

मला खरोखर माणूस हवा होता. पहाटे उठणारा, घड्याळ पाळणारा, न विसरणारा. नानांच्या खोलीचा दिवा पाचला लागतो, हे मला फिरायला जाताना रोज दिसतं.

आमच्या पाळ्यांचा कागद घेऊन गेलो. दार अर्धं उघडलं. मी काही आग्रह केला नाही, कागद पुढं केला आणि म्हटलं, नाना, हे बसत नाहीये. त्यांनी चष्मा शोधला. कागद उभ्याउभ्याच वाचला. मग म्हणाले, "यात ड्यूटी लागायची वेळ आहे, सुटायची कुठंय? आणि चार्ज कुणी कुणाला द्यायचा?" मी म्हटलं, ते ठरलं नाही. "मग चुकणारच. चालक-वाहक कितीही चांगले असू द्या." टेबलाचा खण उघडून त्यांनी पट्टी काढली, जुन्या डायरीची कोरी पानं काढली आणि रकाने आखायला बसले. तारीख, वाफा क्रमांक, उघडला, बंद केला, कुणी, शेरा.

मी तासभर तिथं बसलो. खुर्चीवर त्यांच्या मंडळींची साडी घडी घालून ठेवलेली आहे, तिथं कुणी बसत नाही, मी पलंगाच्या कडेवर बसलो.

२२ ऑक्टोबर

सकाळी ६.२५ ला नाना व्हॉल्व्हशी हजर. इस्त्रीचा शर्ट. मी काही बोललो नाही.

४ नोव्हेंबर

दिवाळीच्या नोंदी एकत्र. निम्मी वसाहत मुलांकडे गेली. दर वर्षी या दिवसांत इथं राहिलेल्यांचा जीव जड होतो. एखाद्या घरापुढं आकाशकंदील असतो आणि पुढच्या तीन घरांपुढं अंधार. या वेळी राहिलेल्यांच्या गळ्यात सहा वाफे होते. सौ.नं आणि मी यंदा पुण्याला उशिरा जायचं ठरवलं.

नानांना मुलगा घेऊन गेला. रोज सकाळी साडेसहाला माझा फोन वाजायचा. "उघडला का? तीन नंबरला दोन मिनिटं कमी द्या, तिथं ओल राहते." तिसऱ्या दिवशी मुलगाच फोनवर आला, घोगऱ्या आवाजात म्हणाला, काका, बाबा सहा महिन्यांनी एवढं बोलतायत.

आज मेथीची पहिली काढणी, ३ किलो ४०० ग्रॅम. आचारीमामांनी परतून केली. मेथी कुणाची ते प्रत्येक टेबलाला माहीत होतं.

१९ नोव्हेंबर

अवजारांच्या पत्र्याखाली आम्ही एक लांब बाक टाकला आहे. सध्या तिथं पेन्शनरांची रांग आहे. हयातीचे दाखले. सिस्टरच्या फोनवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण निघतं, ज्यांचं बँकेत सही करून चालतं त्यांचे अर्ज तलाठी भाऊसाहेब भरून देतात. हे कुणी ठरवलं नव्हतं. माणसं सकाळी तिथं असतात हे माहीत झालं, म्हणून कामं तिथं यायला लागली. उद्या विधानसभेचं मतदान, वाफ्यांना पाणी देणं सोडून सगळं बंद.

२ डिसेंबर

माई परत आल्या. चाकाच्या खुर्चीत, वाळलेल्या. टेबल-वाफ्यापाशी नेलं, आणि दुसरी चूक उघडी पडली. टेबलाखाली ६५ सेंटिमीटर जागा ठेवली होती, गुडघे जातात. पण खुर्चीचे हात त्याहून उंच, ते आडवे येतात, आणि माई वाफ्यापासून हातभर लांबच राहतात. २२ जणांची कोपरं मोजली, चाकाची खुर्ची एकही मोजली नाही. कारण तेव्हा खुर्चीतलं कुणी समोर नव्हतं.

माई म्हणाल्या, राहू दे हो भाऊजी, मी बघत बसेन. या वाक्यानं मला झोप लागली नाही.

४ डिसेंबर

वेल्डरकडून टेबलाच्या पायांना दहा सेंटिमीटरच्या टाचा लावून घेतल्या. आता खाली ७५, हात आत जातात. वर मातीचा थर १५ सेंटिमीटरच आहे म्हणून उंची ९० झाली, बसलेल्या माणसाला जरा जास्त. माईंच्या खुर्चीत जाड उशी दिली. त्यांनी आज दोन ओळी पालक पेरला. हात थरथरत होता, बी सरळ ओळीत पडलं नाही, तसंच ठेवलं आहे.

७ डिसेंबर

चार दिवस ढगाळ हवा, पावट्याच्या शेंड्यांवर मावा. कुणीतरी बाजारातून औषधाची बाटली आणली होती, ती परत करायला लावली; हेच आपण भोगीला खाणार आहोत. पाच टक्के निंबोळी अर्क: अर्धा किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात, सकाळी फडक्यानं गाळून दहा लिटर करायचं, त्यात थोडा साबणाचा चुरा. कुटायला सुभेदारसाहेब. जिथं ढालकिडे दिसले ती झाडं फवारली नाहीत, ते मावा खातात. आक्का पानं उलटी करून दाखवत होत्या, शाळेतल्या मुलांसारखे सगळे भोवती.

सिस्टरनं आणखी एक सुरू केलंय. वाफ्याच्या कडेला हात टेकून दहा वेळा टाचा उचलायच्या, मग एका पायावर दहा आकडे. तिचं म्हणणं, उभ्यानं खुरपून हात हलतात, पायांना तोल शिकवावा लागतो. कठड्यापेक्षा कड बरी, पुढं मेथी दिसते.

२० डिसेंबर

सगळ्या वाफ्यांची माती सात-आठ सेंटिमीटर खाली बसली. भरावातल्या फांद्या कुजून दबल्या. अपेक्षित होतं, इतकं लवकर नाही. खत वरून देता येत नाही, गाजरं ऐन भरात आहेत. भोगीनंतर.

वांगी लागली. पहिलं तोडायचा मान कुणाचा यावरून दोघांत खरंखुरं भांडण झालं, आवाज चढले. मला मनातून बरं वाटलं. इथं तीन वर्षांत कुणी कुठल्या गोष्टीसाठी भांडलेलं मी पाहिलं नव्हतं. माळीदादांनी तोडलं.

१३ जानेवारी २०२५, सोमवार

भोगी.

पहाटे साडेपाचला नाना, नेहमीपेक्षा तासभर आधी. आज पाण्याची पाळी नव्हती, तरी. काढणी साडेसहाला सुरू. नानांच्या वहीतून: वांगी ३ किलो १००, पावटा २ किलो २००, घेवडा १ किलो ६००, गाजर २ किलो ८००, ओल्या हरभऱ्याचे घाटे दीड किलो. ६४ माणसं, शिवाय आचारी, माळीदादा आणि त्यांची माणसं. कमी पडणार हे मला आठवड्यापूर्वीच दिसलं होतं. राहिलेली वांगी, गाजर, बोरं आणि तीळ राजवाड्याजवळच्या मंडईतून आणले. वाईट वाटलं. पण सगळी भाजी वाफ्यातून हा माझा आकडा होता, जेवणाऱ्यांचा नव्हे.

गाजरं दुपायी निघाली, काही तीन पायांची. मातीत खडे राहिले, चाळणीचं काम घाईत झालं होतं. चिरल्यावर कुणाला कळलं नाही.

स्वयंपाकघरात आम्हाला एरवी प्रवेश नसतो. आज आचारीमामांनी दार उघडं ठेवलं. आक्का परातीपाशी बसल्या. बाजरीचं पीठ, गरम पाणी, आणि ८२ वर्षांचे ते हात. थापताना त्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही. त्यांनी सतरा भाकऱ्या केल्या, वर तीळ लावून. मधेच विचारलं, "आज काय हाय?" भोगी, म्हटलं. "व्हय की," म्हणाल्या आणि पुढची घेतली. माई खुर्चीत बसून घाटे सोलत होत्या, तलाठी भाऊसाहेब तीळ कुटत होते. सभेत "राबायला का" विचारणारे गृहस्थ अकराच्या सुमारास आले, जरा वेळ उभे राहिले, मग शेंगदाण्याची सालं पाखडायला बसले. ते परसबागेत एकदाही आले नव्हते. येतील की नाही माहीत नाही.

नाना हॉलमध्ये जेवले. खिडकीजवळच्या टेबलावर, सुभेदारसाहेबांच्या शेजारी. दुसऱ्यांदा भाजी मागितली.

हजेरी: ५२ जण आज कुठल्या ना कुठल्या कामाला होते. ऑगस्टच्या सभेला १९.

१५ जानेवारी

संक्रांत झाली. पुढची कामं:

गाजर आणि हरभऱ्याचे वाफे रिकामे. माळीदादा प्रत्येकी दहा घमेली शेणखत टाकतील, माती कडेपर्यंत आणायची. खडे या वेळी दोनदा चाळून. टेबल-वाफे आणखी दोन हवेत, खुर्च्यांची मापं आधी घ्यायची. नुसत्या माईंच्या नाही, सगळ्या. उन्हाळ्यासाठी शेडनेट, त्याचा खर्च व्यवस्थापनाशी बोलायचा. गवार आणि भेंडी फेब्रुवारीत.

आक्कांची तब्येत दोन दिवस बरी नाही, खोलीतच आहेत. संध्याकाळी भेटायला गेलो तर कमरेची पुरचुंडी काढून माझ्या हातात दिली. वाघ्या. "पाऊस पडला की लाव." मी ती घेतली नाही, तुम्हीच लावायचा म्हटलं. त्यांनी परत पुढं केली. आता माझ्या कपाटात आहे, डब्यात, कडुलिंबाचा पाला घालून. वहीत नानांनी जूनचं पान आत्ताच आखून ठेवलंय: वाफा १, घेवडा, बी आक्कांचं.